तिसऱ्या हाकेची वाट

प्रभादेवीच्या मागल्या अंगाला, समुद्राला लागून, नवलकरांची नारळाची वाडी होती. त्या वाडीतल्या उर्मिलाबाईंना कुणी हाक मारली, की नाव पुरतं तोंडातून निघायच्या आत ‘ओ’ यायची. हात कणकेत असोत, केस ओले असोत, बाई ताडकन उठणार आणि ‘ओ, आले आले!’ म्हणत दारात हजर. पोरं तर मुद्दाम गंमत करायची. ‘उर्मिलाकाकी!’ म्हणून माडाआड लपायची, आणि बाई बिचाऱ्या दहादा बाहेर यायच्या. दहाही वेळा, न चिडता. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? अहो, आहे. त्या वाडीत पहिल्या हाकेला ओ द्यायची रीतच नव्हती. दुसरीलाही नव्हती. माणसं तीनदा हाक मारायची, आणि ऐकणारा तिसरीलाच ओ द्यायचा. उर्मिलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनाही पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं.

उर्मिला मूळची गिरगावची. चिंतामणरावांची एकुलती एक मुलगी, मॅट्रिक झालेली, बोलायला चुरूचुरू. तिच्या लेखी समुद्र म्हणजे चौपाटी, आणि चौपाटी म्हणजे भेळ. लग्न पंचावन्न सालच्या मार्गशीर्षातलं. नोव्हेंबरात फाउंटनला गोळीबार होऊन माणसं गेली होती, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं, कधी काय होईल याचा नेम नव्हता. चिंतामणराव म्हणाले, लग्न जरा पुढे ढकलू. पण मुलाची आई, राजलक्ष्मीबाई, म्हणाल्या, “ठरलेला मुहूर्त आमच्याकडे मोडत नाहीत.” झालं. लग्न लागलं. अच्युत नवलकर फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होता, उंच, हसतमुख, आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला. निदान आईसमोर तरी.

लग्नानंतर चौथ्या दिवशी राजलक्ष्मीबाईंनी सुनेला समुद्राची ओटी भरायला नेलं. त्यांच्या घरची तशी चाल होती. घराच्या मागच्या पडवीतून उतरलं की माडांची बाग, बाग संपली की निवडुंगाचं कुंपण, कुंपणात एक लाकडी फाटक, आणि फाटक उघडलं की थेट वाळू. उर्मिला बघतच राहिली. ओहोटीची वेळ होती. ओली वाळू आरशासारखी लांबवर पसरलेली, डावीकडे वरळीचं टोक, उजवीकडे ताडाची रांग, ऊन कलतं झालेलं. चौपाटीवरची ती गर्दी कुठे आणि हे कुठे!

“किती सुंदर आहे हो आई!” ती म्हणाली.

“सुंदर आहे,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. “म्हणूनच सांभाळून राहायचं.”

पन्नास-साठ पावलांवर पाण्यात एक काळा खडक होता, पाठ वाकवून बसलेल्या म्हशीएवढा. ओहोटीला तिथवर कोरड्या पायांनी जाता येई, भरतीला चारी बाजूंनी पाणी. त्याला हाकेचा खडक म्हणत. बुधाजी नावाचा कोळी एकदा वादळात अडकला, तेव्हा त्याची बायको या खडकावर उभी राहून त्याला हाका मारत होती. एक मारली, दुसरी मारली, तिसरीच्या आधी लाट आली. बुधाजी परत आला, बायको गेली. तेव्हापासून सांजभरतीला ती हाक मारते. स्वतःचा आवाज ती विसरली, म्हणून ऐकणाऱ्याच्या घरच्या माणसाचा आवाज घेते. ओ दिली की माणूस गेलाच. पण तिला तिसरी हाक मारता येत नाही. तेवढा श्वासच तिला मिळाला नव्हता.

“म्हणून जिवंत माणसाने तीनदा हाक मारायची,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, “आणि तिसरी येईपर्यंत गप्प राहायचं. आपल्या पोटचं मूल का असेना.”

उर्मिलेला हसू आलं होतं. पण सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं. नंतर शेजारणीकडून तिला कळलं, की अच्युतचे वडील, मनमोहनराव, अठरा वर्षांपूर्वी त्याच खडकापाशी बुडाले. संध्याकाळी फिरायला गेले ते गेले. वाडी म्हणे, त्यांनी ओ दिली. राजलक्ष्मीबाई यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर अच्युत तिला समुद्रावर घेऊन गेला. दोघंच.

“सांगितली ना तुला खडकाची गोष्ट?” तो म्हणाला. “अगं, मी लहानपणापासून स्वतःच्याच घराच्या दारात तीनदा ओरडतोय. लोकांना वाटतं पोस्टमन आलाय.”

“पण मामंजी...”

“बाबांना पोहता येत नव्हतं. आणि भरतीची वेळ त्यांच्या लक्षात राहिली नाही. एवढंच.” त्याने पायाने वाळू उकरली. मग म्हणाला, “हे बघ. आईसमोर तीन हाका. तिचं मन मोडायचं नाही. पण आपण दोघंच असलो की मी तुला एकच हाक मारणार. तू ओ द्यायचीस. कबूल?”

“कबूल.”

“तशी नाही. हातावर हात देऊन.”

तिने हात दिला. तो पळत खडकामागे गेला आणि तिकडून ओरडला, “उर्मिला!”

“ओ!” ती खदखदून हसत म्हणाली.

जवळच अंबिका कोळीण जाळी वाळवत होती. नवलकरांच्या घरी मासळी हीच घालायची. ती हातातलं काम टाकून उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, सांजचा असा खेल खेलू नये.” एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. उर्मिलेचं हसू ओठांवरच राहिलं. घरी येताना उगाचच तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

पण तरुण पोरगी ती, विसरली. पुढचे तीन-चार आठवडे मजेत गेले. आई देवळात गेली की अच्युत बागेतून एकच हाक मारायचा, आणि ही मासळीच्या भुजण्याचं पातेलं तसंच चुलीवर टाकून धावायची. चोरटं सुख ते, दोघांनाच ठाऊक असलेलं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. एका रात्री रेडिओवर सांगितलं, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, वेगळी राहणार. दुसऱ्या दिवसापासून शहर पेटलं. ट्रामा बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगड आणि जळके टायर. गिरगावात, परळला, लालबागला गोळीबार, आणि मग कर्फ्यू. राजलक्ष्मीबाई आदल्याच दिवशी दादरला बहिणीकडे गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. घरात अच्युत आणि उर्मिला. गिरगावाहून रोज नव्या बातम्या यायच्या, एकाहून एक वाईट. अमक्या वाडीत माणूस खिडकीत उभा होता, त्याला लागली. तमक्या नाक्यावर तिघे गेले. चिंतामणरावांची खोली रस्त्यावरची होती, आणि काही झालं की खिडकीत जाऊन उभं राहायची त्यांना खोड.

दोन दिवस उर्मिलेने फक्त चहा घेतला. तिसऱ्या दिवशी अच्युत म्हणाला, “मी जाऊन बघून येतो.”

खरं सांगायचं, तर तिने नको म्हणायला हवं होतं. पुढे आयुष्यभर ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण बापाचा जीव होता हो! ती म्हणाली, “जाऊन याल?”

सकाळी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा तो पुढच्या दाराने निघाला. जाताना सांगून गेला, “मागचं फाटक अडसर घालून बंद ठेव. कुणी काही म्हणालं तरी उघडू नकोस. मी आलो की हाक मारीन.”

“एकच?” तिने विचारलं.

“एकच,” तो हसला आणि चालू लागला.

तो दिवस सरता सरेना. दुपारी पुढच्या रस्त्यावरून शिपायांनी भरलेली गाडी दोनदा गेली. तिन्हीसांजा झाल्या. उर्मिलेने देवापाशी समई लावली आणि मागच्या पडवीत येऊन बसली. दिवा लावायची हिंमत नव्हती. भरती चढत होती. इतकी, की कुंपणापाशी पाणी आपटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. एरवी त्या वेळी चार घरांतून रेडिओ, भांडी, पोरांची रड असं काहीबाही ऐकू यायचं. त्या दिवशी वाडी चिडीचूप होती. माणूस एकटा असला आणि पाण्याचा आवाज ऐकत बसला, की नाही नाही ते मनात येतं. तिच्याही आलं. अंबिकेचा तो चेहरा आठवला. खडक आठवला. पुढच्या दाराने गेलेला माणूस पुढच्याच दाराने येईल, असं म्हणून ती पुढच्या दाराकडे कान लावून बसली.

आणि हाक आली ती समुद्राकडून.

“उर्मिला!”

आवाज अच्युतचाच. पण दबका, धापा टाकणारा, पाण्यातून आल्यासारखा. एकदाच.

ती उठली. एक पाऊल टाकलं. आणि थांबली. तो रस्त्याने गेला होता. या भरतीला, ऐन तिन्हीसांजेला, समुद्राकडून कोण माणूस येईल? ओ घशापर्यंत आली होती, ती तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून आत ठेवली. मनात म्हणाली, दुसरी येऊ दे. दुसरी आली की उघडते. तिसरीचीही वाट बघणार नाही.

ती उभी राहिली. किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नाही. वीस श्वास म्हणा, तीस म्हणा. बाहेर पाण्यात बूट छपछपले. कुणीतरी ओरडलं. मग लागोपाठ दोन आवाज झाले, कोरडे, दिवाळीतल्या बारासारखे. आणि मग पुन्हा नुसतं पाणी.

तिने धावत जाऊन अडसर काढला तेव्हा अच्युत फाटकाला टेकून बसला होता. फाटक उघडलं तसा तो आतल्या बाजूला कलंडला, तिच्या पायांवर. सगळे रस्ते अडवलेले बघून तो वरळीकडून वाळूवाळूने, पुढे पुढे कमरेएवढ्या पाण्यातून आला होता. खिशात भिजलेली चिठ्ठी होती, चिंतामणरावांच्या अक्षरातली. ‘मी सुखरूप आहे. काळजी नसावी.’

गोळी कुणी झाडली, का झाडली, कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मेलेल्यांचा नुसता आकडा होता, त्यात अच्युतही आला असेल.

राजलक्ष्मीबाईंना तिसऱ्या दिवशी दादरहून आणलं. त्या रडल्या नाहीत. जो येईल त्याला उर्मिला एकच सांगायची, “डोळा लागला होता माझा. काही ऐकूच आलं नाही.” लोक म्हणायचे, बिचारी. चिंतामणराव म्हणाले, चल बाळ, गिरगावला चल. ती गेली नाही. कुठल्या तोंडाने बापापुढे उभी राहणार होती? त्याला बघायला म्हणून तर तिने नवऱ्याला धाडलं होतं.

दोघी बायका एका घरात, एका ताटलीतलं खाऊन राहू लागल्या. राजलक्ष्मीबाई काही विचारत नसत. पण कधी कधी उर्मिलेने मान वर केली, की त्या पडवीत उभ्या राहून फाटकाच्या अडसराकडे बघत असायच्या. नुसत्या बघायच्या. तो आडवा लाकडी दांडा आणि त्या. उर्मिलेला वाटायचं, ह्यांना सगळं ठाऊक आहे. आज विचारतील. उद्या विचारतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

महिना उलटला. एके दिवशी ऊन उतरल्यावर राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, “चल, समुद्रावर जाऊन येऊ.”

त्या घटनेनंतर दोघींपैकी कुणी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. उर्मिला निमूट मागोमाग गेली. तीच ओली वाळू, तीच ताडाची रांग, तसंच सोनेरी ऊन. राजलक्ष्मीबाई वाळूवर थांबल्या नाहीत. सरळ हाकेच्या खडकापर्यंत चालत गेल्या, वर चढल्या आणि बसल्या. सुनेलाही बसवलं. वाळू आणि खडक यांच्यामधल्या खोलगट जागेत पाणी नुकतंच शिरू लागलं होतं.

“आई, भरती लागलीय,” उर्मिला म्हणाली.

“बस गं.” त्यांनी तिचं मनगट धरलं. “अच्युत फाटकाला टेकलेला सापडला. स्वतःच्या घराच्या फाटकाशी माणूस येतो, आणि हाक न मारता बसून राहतो होय?”

उर्मिला मनगट सोडवू लागली.

“तुला हाक ऐकू आली.”

“आली,” उर्मिला म्हणाली. महिनाभर दाबलेलं एकदम बाहेर पडलं. “एकच आली हो आई. त्यांनी मला शपथ घातली होती, मी एकच मारीन म्हणून. हातावर हात दिला होता मी! आणि मी दुसरीची वाट बघत बसले. मी मारलं त्यांना.”

पाणी खडकाच्या बुडाला लागलं होतं. राजलक्ष्मीबाईंनी मनगट सोडलं नाही.

“लोक म्हणतात, ह्यांनी ओ दिली म्हणून हे बुडाले,” त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. “कुणी ओ दिली नाही. हे या खडकावर अडकले होते. मी फाटकात उभी होते. ह्यांनी मला हाक मारली. ‘राजा!’ म्हणायचे मला. एकदाच मारली. मी ऐकली, आणि माझ्या सासूने शिकवलं होतं तशी गप्प उभी राहिले. दुसरीची वाट बघत. वाळूवर होड्या होत्या, कोळी होते. मी नुसती ओरडले असते, तरी कुणी धावलं असतं.”

उर्मिलेने दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“अठरा वर्षं मी ही चाल पाळली. पोराला पाळायला लावली. का, कळतं तुला? ती हाक ह्यांची नव्हतीच, त्या कोळणीची होती, असं धरून चालले म्हणून जगले. तूही तसंच धर. तुला आली ती हाक अच्युतची नव्हती. तो हाक मारायच्या आधीच गेला. तू ओ दिली असतीस, तर तू गेली असतीस. असं म्हण. रोज म्हण. जगता येतं.”

त्या प्रेमाने बोलत होत्या, आणि म्हणूनच उर्मिलेला त्यांची भीती वाटली. मान डोलावली की सुटका होती. सगळी वाडी तिच्या बाजूने उभी राहिली असती. पायांवर गार पाणी आलं. तिने खाली पाहिलं, तर मघाची वाळूची वाट दिसेनाशी झाली होती.

आणि मागून हाक आली. बाईची, दूरवरून, वाऱ्यात तुटलेली.

“उर्मिलाबाय!”

राजलक्ष्मीबाईंची बोटं मनगटात रुतली. “गप्प! तिसरी येऊ दे.”

खरं कोण, खोटं कोण, उर्मिलेला तेव्हाही ठाऊक नव्हतं. ओ दिली तर या पाण्यात शिरावं लागेल, असंही क्षणभर वाटलं. मग वाटलं, शिरू. पण आता गप्प बसायचं नाही.

“ओ!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “ओ! इकडे आहोत!”

वाळूवर अंबिका उभी होती, पदर खोचून, दोन्ही हात हलवत. “बसल्याव काय! पानी चरला! मागारी फिरा!” आणि ती तशीच पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यातून तिने आणि उर्मिलेने मिळून राजलक्ष्मीबाईंना ओढत काठाला आणलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर गळ्याएवढं पाणी असतं, आणि तिघींपैकी पोहता येत होतं ते एकट्या अंबिकेला.

वाळूवर येऊन तिघी धापा टाकत बसल्या. राजलक्ष्मीबाई सुनेकडे एकटक बघत होत्या. तिच्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरून फिरवला, जणू ती पुरती जागेवर आहे की नाही ते चाचपत होत्या.

“ओ दिलीस,” त्या म्हणाल्या. “पहिल्या हाकेला. आणि तुला काही झालं नाही.”

“नाही झालं, आई.”

“काहीच झालं नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला. नवरा गेला तेव्हा न रडलेली, मुलगा गेला तेव्हा न रडलेली ती बाई वाळूत पालथी पडून रडू लागली. “तेव्हा खरंच हे बोलावत होते गं मला,” असं काहीतरी म्हणत होत्या. उर्मिलेला कळलं, की आपण त्यांना पाण्यातून काढलं आणि जगायचा आधार मात्र तिथेच सोडून आलो. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ती थोपटत राहिली.

अंधार पडल्यावर दोघी घरी आल्या. राजलक्ष्मीबाईंना कोरडं लुगडं नेसवून उर्मिला मागे गेली, फाटकाचा अडसर काढून आणला, कोयत्याने त्याचे तीन तुकडे केले आणि चुलीत घातले. लाकूड ओलं होतं, बराच वेळ नुसतं धुमसलं. शेवटी पेटलं तेव्हा तिने त्यावर सासूसाठी पेज टाकली.

आतून राजलक्ष्मीबाईंनी हाक मारली, “उर्मिला.”

“ओ,” ती म्हणाली, आणि उठून गेली. दुसरी हाक त्यांनी मारली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.